अमेरिकन पासपोर्ट परत करावा का? कर, कागद आणि राजापूरचा सातबारा

नळस्टॉप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. लांबलाय, सांभाळून घ्या.

१९९५ मध्ये न्यू जर्सीला गेलो. २०१४ मध्ये दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतात ती) काढली आणि जुलै २०२३ मध्ये बाडबिस्तरा गुंडाळून पुण्यात परत आलो. मी ५८, सौ. ५५. मुलगी तिथेच जन्मलेली, ऑस्टिनला असते. परत तिकडे राहायला जायचं नाही हे दोघांचंही पक्कं आहे.

तर मुद्दा असा की आम्ही अमेरिका सोडली, पण अमेरिकेने आम्हाला सोडलेलं नाही. राहा कुठेही, नागरिक असलात की जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब तिकडे द्यायचा. अनिवासी असताना इथल्या एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, तिकडे करपात्र. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली की एफबार म्हणजे परदेशी खात्यांचा तक्ता भरा. पुण्यात फ्लॅट घेताना बिल्डरला द्यायचे पैसे आठवडाभर खात्यात पडून होते, तेही त्यात लिहायचे. म्युच्युअल फंडाची तर गंमतच. इकडच्या एका फंडवाल्याने फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ वाचून चेक परत केला. दुसऱ्याने घेतला, तर तिकडच्या कर भरून देणाऱ्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, हे पीफिक, म्हणजे अमेरिकेच्या लेखी परदेशी गुंतवणूक कंपनी आहे, प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१, त्याची फी वेगळी. फंडात नफा झाला होता एकोणीस हजार रुपये. त्याची फी त्याहून जास्त.

दुसरं कारण कराचं नाही. आई २०२२ मध्ये गेली. राजापूरजवळच्या गावच्या जमिनीत वारसाहक्काने सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. चुलतभावाला त्याचा हिस्सा विकायचाय आणि तो बाहेरच्याला जाऊ नये असं मला वाटतं. पण ओसीआय असलेल्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. बक्षीसपत्राने सुद्धा नाही.

म्हणून डोक्यात आलंय की अमेरिकन नागरिकत्व सोडून परत भारतीय व्हावं. सोडताना लागणाऱ्या एक्झिट टॅक्स नावाच्या बागुलबुवाबद्दल ऐकलंय. कुणी हे केलंय का? करात नेमकं काय वाचतं, काय जातं?

फटकळ

आधी डॉलरसाठी सोडलं, आता सातबाऱ्यासाठी धरायचं. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नळस्टॉप

फटकळराव, मान्य. पॉपकॉर्नऐवजी आंबापोळी घ्या, गावचीच आहे.

म्युनिककर

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण प्रत्येक अशा चर्चेत तो येतोच. ‘नागरिकत्व सोडलं की कर वाचतो’ हे वाक्य जवळजवळ फक्त अमेरिकेपुरतं खरं आहे. बाकी बहुतेक जगात कर राहण्यावर ठरतो, पासपोर्टवर नाही. (दुसरा अपवाद एरिट्रिया. ते परदेशातल्या आपल्या माणसांकडून उत्पन्नाचे २ टक्के मागतात.)

मी गेल्या वर्षी जर्मन नागरिक झालो. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, पण आपला १९५५ चा कायदा देत नाही, त्यामुळे भारतीय नागरिकत्व कलम ९ नुसार आपोआप गेलं. करात काय बदललं? एक युरोसुद्धा नाही. आदल्या महिन्याची आणि पुढच्या महिन्याची पगाराची चिठ्ठी शेजारी ठेवून पाहिली. भारतातल्या घराच्या भाड्यावरही तोच कर, कारण मी आधीही तिथे अनिवासीच होतो.

अलीकडे दरवर्षी दोन लाखांहून जास्त लोक भारतीय नागरिकत्व सोडतात. संसदेत दिलेले आकडे २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९, २०२४ मध्ये २,०६,३७८. व्हॉट्सॲपवर लगेच ‘करांना कंटाळून चालले’ असा मेसेज फिरतो. अहो, ते चालते झाले तेव्हाच अनिवासी झाले होते. पासपोर्ट बदलतात तो व्हिसाच्या रांगा आणि मुलांसाठी.

वाळवंटातला मासा

म्युनिककरांशी सहमत, पण एक बारीक अपवाद आमच्या आखाती लोकांसाठी. २०२० च्या अर्थसंकल्पात एक कलम आलं. भारतीय नागरिक आहे, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जगात कुठल्याच देशात राहण्यामुळे कर लागत नाही, तर त्याला ‘मानीव निवासी’ धरायचं. दुबईत वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे बाण आमच्यावरच. हे कलम फक्त नागरिकांना लागतं, ओसीआयला नाही. म्हणजे इथे पासपोर्टचा खरंच संबंध आहे.

तेव्हा आमच्या कॅम्पमध्ये घबराट उडाली होती. एकाने तर कॅरिबियन बेटाचं नागरिकत्व विकत घ्यायची चौकशी केली. शेवटी कळलं की असा माणूस ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात जातो, म्हणजे दुबईच्या पगाराला धक्का नाही. बेट राहिलं, माणूस अजून इथेच शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आहे.

मांडवी

गोंयचो अनुभव सांगतो. आमच्याकडे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांच्या पोरानातवंडांनी लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढले आणि बरेचसे इंग्लंडला गेले. माझा चुलतभाऊ स्विंडनला आहे. कराचा विचार कुणी केला नव्हता. तो कधी कळला? म्हापश्याचं घर विकताना.

विकणारा निवासी असेल तर ५० लाख किंवा जास्त किमतीवर घेणारा १ टक्का कापतो. अनिवासी असेल तर नफ्याच्या दराने, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर बहुतेक घेणारे घाबरून पूर्ण किमतीवरच कापतात. शिवाय २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवाशाला दोन पर्याय आहेत, साधे १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के. अनिवाशाला तो दुसरा पर्याय नाही. पण बघा, इथेही पासपोर्टचा रंग कुणी विचारला नाही. स्विंडनला राहतो एवढंच पुरलं.

उधारजमा

मी सीए आहे, निम्मं काम परत आलेल्या मंडळींचंच. हा सल्ला नाही, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

नळस्टॉपजी, ‘एक्झिट टॅक्स’ दोन पायऱ्यांत समजून घ्या. लोक दुसरीला घाबरतात आणि पहिलीवर घसरतात.

पहिली पायरी, तुम्ही ‘कव्हर्ड’, म्हणजे या कराच्या कक्षेतले, ठरता का? जून २००८ पासून लागू असलेल्या अमेरिकी करकायद्याच्या कलम ८७७-ए प्रमाणे तीनपैकी एक जरी लागू झालं तरी ठरता. सोडायच्या दिवशी जगभरातली निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त. किंवा मागच्या पाच वर्षांत तुम्ही भरलेल्या आयकराची सरासरी ठराविक रकमेच्या वर, २०२५ साठी ती २ लाख ६ हजार डॉलर. उत्पन्न नव्हे हां, कर. किंवा मागची पाच वर्षं अमेरिकेचे सगळे करनियम पाळले असं शपथेवर लिहून देता आलं नाही तर. हे सगळं फॉर्म ८८५४ मध्ये.

दुसरी पायरी, कव्हर्ड ठरलात तर सोडण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळं विकलं असं धरतात आणि त्या कागदी नफ्यावर कर लावतात. पण २०२५ साठी पहिला ८ लाख ९० हजार डॉलरचा नफा माफ आहे. मध्यमवर्गीय माणसाचा एक्झिट टॅक्स बहुतेक वेळा इथेच शून्य होतो.

२० लाखांत पुण्याचा फ्लॅट, ४०१-के (तिकडचं नोकरीतलं निवृत्ती खातं), सोनं, सगळं येतं. माणशी मोजायचं, जोडप्याचं मिळून नाही. तुमचा अंदाज काय?

नळस्टॉप

काल रात्री वहीत मांडलं. लाख डॉलरमध्ये लिहितो. अमेरिकेतले शेअर्स ७.२ (नफा साधारण ३.५), ४०१-के ६.५, आईकडून आलेला जुना फ्लॅट २.५, नव्या फ्लॅटचा माझा अर्धा १.५, ठेवी ३, गावची जमीन किरकोळ ०.३. बेरीज २१. सौ.च्या नावावर पाचाच्या आसपास.

म्हणजे मी एका लाखाने कव्हर्ड, पण नफा माफीच्या आत. मग कव्हर्ड झालो तर झालो, बिघडलं काय?

उधारजमा

हाच प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं. ‘शून्य कर ना, मग होऊ दे कव्हर्ड.’ होऊ नका. तो शिक्का जन्मभराचा आहे आणि त्याची किंमत तुम्ही नाही, मुलगी भरते.

कव्हर्ड माणसाकडून अमेरिकेतल्या नागरिकाला किंवा रहिवाशाला भेट किंवा वारसा मिळाला, तर घेणाऱ्याने सर्वोच्च दराने कर भरायचा. तो सध्या ४० टक्के आहे. वर्षाला १९ हजार डॉलरपर्यंत सूट (२०२५), पुढे सगळ्यावर. कलम २८०१. कायदा २००८ चाच, पण नियमावली जानेवारी २०२५ मध्ये पक्की झाली, त्यामुळे इतकी वर्षं कुणी मनावर घेतलं नव्हतं. तुम्ही वीस वर्षांनी गेलात आणि पुण्याचा फ्लॅट मुलीला मिळाला, तरी लागू. फ्लॅट अमेरिकेत नाही, तुम्ही अमेरिकन नाही, तरी.

शिवाय ४०१-के. कव्हर्ड माणसाने दर वेळी पैसे काढताना ३० टक्के कापून घ्यायचे आणि भारत-अमेरिका करारातली सवलत सोडून द्यायची. आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) असेल तर आणखी वाईट, ती एका दिवसात सगळी काढली असं धरतात.

आता उपाय. तुम्ही दोघंही अजून अमेरिकन नागरिक आहात. नवरा-बायकोतल्या भेटीला तिकडे मर्यादा नाही. तुमचे तीन-चार लाखांचे शेअर्स सौ.च्या नावावर गेले की तुम्ही १७-१८ वर, त्या नऊच्या आत. दोघंही बाहेर. पण वेळेवर करा, शपथेच्या आदल्या संध्याकाळी नको. आणि आपल्याकडे बायकोला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे इथल्या विवरणपत्रात विसरू नका.

चिंचगूळ

उधारजमा, वाचनखूण साठवली आहे. धन्यवाद.

पण मला काका-काकूंना विचारायचंय की शेअर्स काकूंच्या नावावर करायचे हे काकूंना विचारलं का? आमच्याकडे असाच ‘कराचा प्लॅन’ झाला होता आणि तीन वर्षं माझ्या नावावर काय काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. सही मात्र माझी.

नळस्टॉप

चिंचगूळताई, विचारलं. ती म्हणाली, “चाळीस टक्के अमेरिकेला देण्यापेक्षा शंभर टक्के मला दे.” ती हा धागा वाचते आहे, जपून लिहा.

एडिसनचा वडापाव

काका, मी तुमच्या उलट्या टोकाला आहे, ग्रीनकार्डवाला. २०१९ च्या डिसेंबरात मिळालं. बायकोला नाशिकला परत जायचंय, मी म्हणतो अजून दोन वर्षं. कार्ड परत करताना पण हाच एक्झिट टॅक्स लागतो का?

उधारजमा

वडापाव, कार्ड मिळाल्याची तारीख नीट बघा आणि मग बसून घ्या. मागच्या १५ करवर्षांपैकी ८ वर्षं कार्ड असेल तर तुम्ही नागरिकासारखेच धरले जाता, म्हणजे वरचे सगळे निकष लागू. आणि वर्ष मोजताना त्या वर्षातला एक दिवससुद्धा पूर्ण वर्ष. तुमचं २०१९ हे डिसेंबरातल्या त्या दिवसांमुळे अख्खं मोजलं गेलं. २०१९ ते २०२५ म्हणजे सात झाली. १ जानेवारी २०२६ ला सकाळी कार्ड खिशात असेल तर आठ.

निर्णय तुमचा. फक्त ‘अजून दोन वर्षं’ म्हणताना हे माहीत असू दे. आणि कार्डाची मुदत संपू देणं म्हणजे सोडणं नव्हे. फॉर्म आय-४०७ भरल्याशिवाय अमेरिकेचा कर तुम्हाला सोडत नाही.

एडिसनचा वडापाव

बाप रे. सात आठवडे आहेत. बायकोला दाखवू का नको हा प्रतिसाद?

चिंचगूळ

दाखवा. नाहीतर मी शोधून काढून दाखवेन.

आजोबा७८

मी २०१८ मध्ये सोडलं. कराचे तोटे कुणी सांगत नाही ते सांगतो.

एक. सोशल सिक्युरिटी. पेन्शनला लागणारी ४० क्रेडिट झालेली होती, त्यामुळे नागरिकत्व गेल्यावरही भारतात पेन्शन येतं. पण अनिवासी परदेशी माणसाच्या पेन्शनच्या ८५ टक्के रकमेवर सरळ ३० टक्के कापतात. म्हणजे शंभरातले साडेपंचवीस तिथेच गेले. करारामुळे इथे पुन्हा लागत नाही एवढंच. नागरिक होतो तेव्हा मूळ वजावट जाऊन माझ्यासारख्याला त्यावर जवळजवळ काहीच कर नव्हता. मुलाने हिशेब करून दाखवला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स तिकडच्या खात्यात ठेवून नागरिकत्व सोडू नका. नागरिक मेला तर २०२५ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत इस्टेट टॅक्स नाही. परदेशात राहणारा परदेशी मेला तर अमेरिकेतल्या मालमत्तेवर सूट फक्त ६० हजार डॉलरची. वर ४० टक्क्यांपर्यंत कर. भारताचा आणि अमेरिकेचा या बाबतीत करारच नाही. माझा मित्र अमेरिकन शेअर्स ठेवून गेला. त्याच्या बायकोला खातं मोकळं करून घ्यायला दीड वर्ष लागलं.

तीन, फी. २०१४ मध्ये ४५० डॉलरची २३५० केली. मी तीच भरली. पुन्हा ४५० करायचा प्रस्ताव २०२३ मध्ये निघाला होता, तेव्हा जायच्या आधी चालू आकडा बघा. पैसे गेल्याचं नाही, पण नोकरी, संसार, म्हातारपण दिलं त्या देशाला आणि निघताना पावती हातात.

नळस्टॉप

आजोबा, ६० हजारांचं माहीतच नव्हतं. म्हणजे मी पैसे वाचवायला निघालो आणि सात लाखांचे शेअर्स उघड्यावर ठेवले असते. मग ते आधी विकावेत का?

उधारजमा

आजोबांनी लाखाची गोष्ट सांगितली. हो, विकून किंवा आयर्लंडमध्ये नोंदवलेल्या फंडांत वळवून हा धोका टाळता येतो. प्रश्न फक्त कधी विकायचं.

इथे एक गंमत आहे. परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माणूस भारतात ‘सामान्यतः निवासी नाही’ असतो, आरएनओआर. त्या काळात परदेशातलं उत्पन्न इथे करपात्र नाही, परदेशी मालमत्तेचं परिशिष्टही भरायचं नाही. आणि अमेरिकेत अनिवासी परदेशी माणसाला शेअर विकून झालेल्या नफ्यावर साधारणपणे कर नाही. म्हणजे आरएनओआर असताना तुम्ही अमेरिकन नसाल तर दोन्हीकडे शून्य. आठ वर्षांच्या आत ग्रीनकार्ड परत करून येणाऱ्यांना ही खिडकी खरोखर मिळते. वडापाव, ऐकताय ना?

नळस्टॉपजी, तुम्ही जुलै २०२३ चे. तुमचं आरएनओआर कितीपर्यंत?

नळस्टॉप

मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ च्या आत बसले म्हणून तिसरं वर्षही मिळालं. कोविडमुळे आधीच्या फेऱ्या झाल्या नव्हत्या आणि गेल्या हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणाला दोन महिने ऑस्टिनला होतो. ३१ मार्च २०२६ ला संपतं.

उधारजमा

मग खिडकी तुमच्यासाठी नाही. कारण भारतीय नागरिकत्वाची मंजुरी आल्याशिवाय तुम्ही अमेरिकन नागरिकत्व सोडू नये. सोडलंत तर कुठल्याच देशाचे राहणार नाही, वकिलातीतला अधिकारीही ते बजावतो.

परत भारतीय व्हायचा रस्ता कलम ५(१)(जी). पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाच्या लगेच आधी सलग बारा महिने भारतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गृह मंत्रालयात जातो. मंजूर झाला तर तिकडचं सोडीन असं हमीपत्र द्यायचं, मग शपथ, मग तिकडचं सोडल्याचा दाखला इकडे. चार महिन्यांत हे होत नाही. आणि बारा महिन्यांत खंड फार तर तीस दिवसांचा, तोही विशेष कारण पटलं तर माफ. ऑस्टिनचे दोन महिने तुम्हाला करात फायद्याचे ठरले, नागरिकत्वात आडवे आले. परत कधी आलात?

नळस्टॉप

१४ जानेवारी २०२५. संक्रांत होती, सासूबाईंनी दारातच तिळगूळ दिला.

फटकळ

म्हणजे या संक्रांतीला बारा महिने. तोवर हलू नका. (पॉपकॉर्न संपले, आता गंभीरपणे वाचतोय.)

उधारजमा

एक शेवटचं, तेच खरं महत्त्वाचं. तीन निकषांतला तिसरा. पाच वर्षं सगळं पाळलं असं शपथेवर लिहायचं. भले भले इथे पडतात. ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन न्यू यॉर्कला जन्मले म्हणून लंडनचं घर विकल्यावर त्यांना अमेरिकेचं कराचं बिल आलं होतं. त्यांनी शेवटी २०१६ मध्ये नागरिकत्व सोडलं. मोठ्या माणसांची ही गत.

दोन प्रश्न. आई गेल्यावर फ्लॅट मिळाला, त्या वर्षी फॉर्म ३५२० भरला का? परदेशी व्यक्तीकडून एक लाख डॉलरच्या वर वारसा मिळाला तर कर नसतो, पण कळवावं लागतं. आणि आईबरोबर जोडखाती होती का, विशेषतः सहकारी बँकेत?

नळस्टॉप

३५२० हा आकडा आज पहिल्यांदा ऐकला. तिकडच्या माणसाने विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, वारशावर कर नाही म्हटल्यावर कशाला सांगायचं.

आणि हो. राजापूरच्या एका पतपेढीवजा बँकेत आईची मुदत ठेव होती, दुसरं नाव माझं. वर्षाला तीसेक हजार व्याज. ते कुठेच दाखवलं नाही. आईचेच पैसे समजत होतो.

उधारजमा

आई होती तोवर व्याज आईचंच म्हणता येईल, पण एफबारमध्ये खातं यायला हवं होतं. आई गेल्यापासून व्याज तुमचं. रक्कम छोटी आहे, पण ती न दाखवता ‘सगळं पाळलं’ अशी सही केलीत तर खोटी, आणि सही नाही केलीत तर तुम्ही कव्हर्ड. मग २० लाखांचा हिशेब, सौ.ला दिलेले शेअर्स, सगळं पाण्यात. तीस हजार रुपयांच्या व्याजापायी मुलीवर ४० टक्के.

दुरुस्त करता येतं. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सोय आहे. मुद्दाम केलं नाही असं लिहून द्यायचं, तीन वर्षांची सुधारित विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार, दंड नाही. पाच वर्षं पुरी व्हायला आधीची दोन तपासून लागतील तशी दुरुस्त करा. ३५२० उशिरा कारणासकट भरा. आता अमेरिकेचं कर खातं आधी कारण वाचतं, मग दंडाचं बघतं. हे झाल्याशिवाय वकिलातीची वेळ घेऊ नका.

म्युनिककर

अवांतर: अमेरिका दर तिमाहीला नागरिकत्व सोडणाऱ्यांची नावं राजपत्रात छापते. फेसबुकच्या सह-संस्थापकांपैकी एदुआर्दो सॅव्हरिनने शेअर बाजारात नोंदणी व्हायच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये सोडलं तेव्हा तिकडे केवढी बोंब झाली होती. काकांचं नाव आलं तर बोंब राजापुरात होईल.

चिंचगूळ

आणि व्हिसा? नातवंडाला भेटायला भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसाची रांग धरावी लागेल. कराच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

नळस्टॉप

ताई, त्यावरूनच काल रात्री घरात बैठक झाली. निकाल असा.

सौ. सोडणार नाही. तिचा पासपोर्ट अमेरिकन राहील, नातवाकडे ती कधीही जाईल. तिची विवरणपत्रं, एफबार, सगळं चालू राहील, तिची कुरकुर नाही. शेअर्स तिच्याकडे जातील आणि तिथेच राहतील. ती नागरिक असल्यामुळे आजोबांनी सांगितलेल्या ६० हजारांच्या भानगडीतूनही ते सुटतात. हे तिनेच काढलं, उधारजमांच्या आधी. मी सोडणार, पण आधी घोळ निस्तरून. गावची जमीन चुलतभाऊ वर्षभर थांबवून ठेवायला तयार आहे. तो म्हणाला, “दादा, गिऱ्हाईक रांगेत उभं नाय, तू सावकाश ये.”

म्युच्युअल फंड काढून टाकला. नफ्याच्या एकोणीस हजारांहून जास्त तिकडच्या फॉर्मला गेले.

आज बँकेत फोन केला. आई गेल्यापासूनचे व्याजाचे दाखले हवेत म्हटलं. बाई म्हणाल्या, अलीकडचे कॉम्प्युटरवर आहेत, २०२२ चा रजिस्टरमधून हाताने काढावा लागेल, स्वतः या. सोमवारी निघतोय.

आजोबा७८

सोमवारी जाऊ नका. तिकडच्या काही छोट्या बँका रविवारऐवजी दुसऱ्या वारी सुट्टी घेतात. आधी सुट्टीचा वार विचारा.

नळस्टॉप

विचारला. सोमवारच. मंगळवारी निघतो.